डाव अंगवळणी पडतो म्हणजे नक्की काय होतं?

"आरं, डाव तुझ्या डोसक्यात हाय, अंगात कुठं हाय अजून?"

गावच्या जत्रेच्या मैदानात मिनिटभरात पाठ लागल्यावर वस्तादांनी मला एवढंच विचारलं. मी सोळा वर्षांचा होतो. समोरचा पोरगा माझ्याच वजनाचा, ताकदीने थोडा उणाच. त्याने पट काढला, म्हणजे माझा पाय धरायला खाली शिरला, तेव्हा तो येतोय हे मला दिसलं होतं. त्यावर काय करायचं हेही ठाऊक होतं: दोन्ही पाय मागे टाकायचे आणि छातीचं ओझं त्याच्या पाठीवर द्यायचं. आदल्याच आठवड्यात शिकलो होतो. पण 'आता पाय मागे' हे मनातल्या मनात म्हणून होईपर्यंत मी आभाळ बघत होतो आणि हलगीवाल्याने ठेका बदलला होता.

पुढे मी कुस्ती फार खेळलो नाही. माझे दोन्ही कान अजून सपाट आहेत, मुरलेल्या पैलवानासारखे चेपून सुजलेले नाहीत, त्यावरून जाणकारांना ते कळतंच. प्रश्न मात्र सुटला नाही. पाठ असलेली गोष्ट ऐन वेळी अंगातून का निघत नाही? आणि ज्यांच्या अंगातून ती निघते, त्यांच्यात काय बदललेलं असतं? उत्तराचा बराच भाग आपल्या तालमींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. काही भाग गेल्या शंभर वर्षांत प्रयोगशाळांतून कळला. आणि एक-दोन ठिकाणी तालीम आणि प्रयोगशाळा यांचं पटत नाही, ती ठिकाणं मला सगळ्यात रंजक वाटतात.

आधी एक डाव उघडून बघू. एकेरी पट घ्या, कारण तो तालमीत पहिल्या महिन्यात शिकवतात आणि ऑलिंपिकच्या फेरीतही तोच दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, खाली वाकला आणि पाय धरला. करणाऱ्याला मात्र आधी समोरच्याची मान खाली ओढावी लागते. मान ओढली की तो आपसूक वर ताठतो आणि त्याचं वजन टाचांवर जातं. त्याच क्षणी गुडघ्यात बसायचं. कमरेत वाकायचं नाही, कारण कमरेत वाकलेल्याची मान समोरच्याला आयतीच मिळते. डोकं त्याच्या बरगडीला घट्ट लावायचं. पुढचा पाय त्याच्या दोन पायांच्या मध्ये टाकायचा. दोन्ही हात गुडघ्याच्या मागे जुळवायचे. मग पाय उचलून सरळ मागे ओढायचं नाही, बाजूला वळायचं. सात-आठ गोष्टी झाल्या आणि सगळ्यांना मिळून एक सेकंदसुद्धा नाही.

नवा पोरगा हे एकेक आठवून करतो. डोकं लावलं की हात विसरतो, हात जुळले की पाय मागेच राहतो. 1967 साली पॉल फिट्स आणि मायकेल पोझनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्यातली ही पहिली. इथे सगळा भार विचारावर असतो. दुसऱ्या पायरीवर तुकडे एकमेकांना चिकटू लागतात, चुका कमी होतात, आणि चूक झाली तर कुठे झाली हे आपलं आपल्याला कळतं. तिसऱ्या पायरीवर विचाराची गरज उरत नाही. मान ओढली गेली की बाकीचं घडतं, जिना उतरताना आपण पायऱ्या मोजत नाही तसं.

आपल्याकडे याला शब्द आहे: अंगवळणी पडणं. अंगाला वळण लागणं. लोक हल्ली 'स्नायूंची स्मृती' म्हणतात, पण स्नायू बिचारे काही लक्षात ठेवत नाहीत. बदल मेंदूत होतो. सुरुवातीला कपाळामागचा विचार करणारा भाग राबत असतो. सराव वाढला की कामाचा मोठा वाटा लहान मेंदू आणि मेंदूच्या पोटातल्या, सवयी सांभाळणाऱ्या केंद्रांकडे जातो. तिथे शब्द नसतात. म्हणूनच चांगल्या पैलवानाला 'हा डाव तुम्ही कसा मारला?' असं विचारलं की तो अडखळतो. आमचे वस्ताद तर "असं" एवढंच म्हणायचे आणि दुसऱ्याच क्षणी आपण मातीत. पुन्हा विचारलं की पुन्हा "असं". तेव्हा वाटायचं, म्हातारा शिकवायला कंटाळा करतोय.

आता वेळेचा हिशेब. डोळ्यांना काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंदाच्या आसपास लागतो, तेही काय करायचं ते आधीच ठरलेलं असेल तर. स्पर्शावरून हललो तर थोडा वेळ वाचतो. कुस्तीच्या सुरुवातीला चालणारी खडाखडी, म्हणजे एकमेकांच्या मानेवर हात, मनगटाशी झटापट, कपाळाला कपाळ, ही प्रेक्षकांना कंटाळवाणी वाटते आणि मागून आरोळ्या सुरू होतात. पण ती मानेवरून चालणारी विचारपूस असते. याचं वजन कुठल्या पायावर आहे? मान दाबली की हा पुढे येतो की मागे ताणतो? श्वास कसा आहे? मुरलेला पैलवान डोळे मिटूनही हे वाचू शकतो. पट दिसल्यावर अडवू म्हणणारा माझ्यासारखा असतो. मुरलेल्याला पट निघायच्या आधी मानेवरचा दाब सैल झालेला कळतो आणि त्याचे पाय तेवढ्यावरच मागे गेलेले असतात.

यातच आणखी एक गोम आहे. 1952 साली विल्यम हिक या इंग्लिश मानसशास्त्रज्ञाने दिवे आणि बटणं घेऊन एक प्रयोग केला: दिवा लागला की त्याचं बटण दाबायचं. दिव्यांची संख्या वाढवत नेली तसा माणसाला लागणारा वेळ ठरावीक प्रमाणात वाढत गेला. निवडीला पर्याय जितके जास्त, तितका उशीर. चाळीस डाव वरवर येणारा पैलवान म्हणूनच अडकतो. ढाक मारू, कलाजंग घेऊ की धोबीपछाड टाकू, हे ठरेपर्यंत समोरच्याने हात सोडवलेला असतो. सराव वाढला की ही दिरंगाई कमी होत जाते. पण चाळीस डावांचा तेवढा सराव करायला एक जन्म कमी पडेल, आणि त्यातला बराच भाग खुराकात जाईल. वस्ताद लोक पठ्ठ्याची शरीरयष्टी बघून त्याला दोन-तीनच डाव घोटायला देतात, ते यामुळे. उंच पोराला ढाक. बुटक्या, दणकट पोराला पट. बाकीचे डाव ओळखता यावेत आणि अडवता यावेत एवढेच.

घोटायचं म्हणजे कसं, हा पुढचा प्रश्न, आणि इथेच बहुतेक जण फसतात.

1920 च्या दशकात मॉस्कोच्या श्रमविषयक संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन नावाचा तरुण शास्त्रज्ञ छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांचा अभ्यास करत होता. त्याने त्यांच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला छोटे दिवे बांधले आणि हालचालींचे फोटो काढले. अपेक्षा अशी की वर्षानुवर्षं एकच घाव घालणाऱ्या कसबी माणसाचा हात दर वेळी त्याच रेषेत फिरत असेल. निघालं वेगळंच. हातोडा जवळजवळ त्याच जागी पडत होता, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने जात होते. खांद्याने जरा जास्त घेतलं की मनगट तेवढं कमी करत होतं. एकमेकांना सांभाळून घेत सगळे मिळून घाव बरोबर जागी नेत होते. बर्नस्टाइनने पुढे म्हटलं की सरावात आपण उत्तराची पुनरावृत्ती करत नाही, उत्तर शोधण्याची करतो.

हे हौद्यात, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्यात, नेऊन बघा. एकच जोडीदार, एकच अंतर, तो निमूट उभा, आणि आपण दोनशे वेळा पट काढतोय. दोनशे झाल्याचं समाधान मिळतं. पण अंगाला वळण लागलं ते त्या एका निमूट उभ्या असलेल्या माणसाचा पाय धरण्याचं. मैदानात कोणी निमूट उभं राहत नाही. एक जण घामाने बुळबुळीत असतो, एकाची मांडी दोन हातांत मावत नाही, एक डावखुरा असतो. म्हणून चांगल्या तालमीत पोरांच्या जोड्या सतत बदलतात. वस्ताद दहा मिनिटं एकाशी लढवतात, मग टाळी वाजवून दुसरा आत घालतात, मग तुमच्यापेक्षा वीस किलो जड कुणीतरी. डाव तोच, पण दर वेळी त्याची वाट थोडी वेगळी काढावी लागते.

जपानी ज्युदोत 'उचिकोमी' नावाचा सराव असतो: फेक पूर्ण करायची नाही, फक्त आत शिरून पकड घेऊन तोल घालवायचा आणि परत मागे यायचं, असं शेकडो वेळा. जिगोरो कानो यांनी 1882 साली कोडोकान सुरू केल्यापासून ज्युदो जगभर गेला आणि त्याच्याबरोबर ही पद्धतही. पहिल्या पायरीवरच्या माणसाला तिचा उपयोग होतो, तुकडे चिकटतात. पण ज्युदोवालेही तेवढ्यावर थांबत नाहीत. उचिकोमीनंतर रांदोरी, म्हणजे मोकळी लढत, असतेच. नुसती उचिकोमी करणारा माणूस आरशासमोर भाषण पाठ करणाऱ्यासारखा असतो. सभेत कुणी मध्येच प्रश्न विचारला की संपला.

पुनरावृत्तीची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. अंग चांगलं-वाईट ओळखत नाही. जे वारंवार कराल ते पक्कं होतं, मग ते चुकीचं असो किंवा आता निरुपयोगी झालेलं. मातीतून मॅटवर जाणाऱ्या आपल्या पोरांचं दुखणं नेमकं हेच आहे.

मातीच्या कुस्तीत पाठ लागल्याशिवाय निकाल नाही. त्यामुळे अडचणीत सापडलेला पैलवान पोटावर झोपतो, कोपरं अंगाशी घेतो आणि दम खातो. वर बसलेला घिस्सा मारू दे, सवारी भरू दे, पाठ वळत नाही तोवर काही बिघडत नाही. मातीत हे शहाणपण आहे आणि लहानपणापासून ते अंगात भिनतं. मॅटवर हीच सवय घात करते. आजच्या फ्रीस्टाइल नियमांत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. खाली पाडल्याचे दोन गुण. खाली पडलेल्याची पाठ मॅटकडे वळवली की पुन्हा दोन, पुन्हा वळवली की पुन्हा दोन. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती खलास. पोटावर दम खाणाऱ्याला समोरचा कमरेत विळखा घालून लाटण्यासारखा फिरवतो आणि अर्ध्या मिनिटात घरी पाठवतो. पाठ तर एकदाही नीट टेकलेली नसते. पोरगा उठून पंचांकडे बघतो, 'हरलो कधी?' अशा नजरेने.

मातीत पाय रुततो, पकडीला माती लागलेली असते, म्हणून हालचाल जड आणि पकड घट्ट. मॅटवर पाय रुतत नाही, सगळं दुप्पट वेगाने होतं. खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाचं अंग मातीवर घडलेलं होतं. मॅटची आणि तिथल्या नियमांची सवय त्यांनी ऐन वेळी, अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांच्या हाताखाली करून घेतली. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी हेलसिंकीत, वरच्या 57 किलो गटात, कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून त्यांनी कांस्य मिळवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. (हिकचे दिवे आणि खाशाबांचं पदक एकाच वर्षीचं, 1952 चं. काही संबंध नाही, पण मला गंमत वाटते.)

आपल्याकडे ही गोष्ट बहुतेक वेळा उपेक्षेची आणि मदतीची म्हणून सांगितली जाते, ते खरंही आहे. मला तिच्यातली मधली चार वर्षं जास्त खुणावतात. खाशाबांची ढाक प्रसिद्ध होती. ती त्यांनी सोडली नाही, ते मातीचेच मल्ल राहिले. पण मुरलेला डाव नव्या जमिनीवर, नव्या वेगात, नव्या नियमांत पुन्हा बसवायचा, म्हणजे तिसऱ्या पायरीवरून परत पहिलीवर उतरायचं. जे आपोआप होत होतं त्याचा पुन्हा विचार करायचा. त्या काळात माणूस आधीपेक्षा वाईट खेळतो, आणि नाव झालेल्या पैलवानाला ते लोकांदेखत सोसावं लागतं. नवं शिकण्यापेक्षा जुनं मोडणं अवघड म्हणतात, त्याचं कारण हेच असावं.

मग किती वेळा करायचं? आकडे सांगायची आपल्याला हौस. गामा पैलवान रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर काढायचा, ही गोष्ट प्रत्येक तालमीच्या भिंतीवर नसली तरी प्रत्येकाच्या तोंडात असते. आकडा मोजायला कोण बसलं होतं ते सोडा. जोर, बैठका, दोर चढणं, खोऱ्याने हौदा खणणं, करेला म्हणजे जड मुद्गल फिरवणं ही सगळी मेहनत आहे. मेहनतीने दम वाढतो, मांड्या भरतात, मान लोखंडासारखी होते. डाव मात्र त्याने येत नाही. मेहनत आणि डाव ही दोन वेगळी खाती आहेत आणि एका खात्यातले पैसे दुसऱ्यात दिसत नाहीत. माझ्या तालमीत एक जण हजार बैठका हसत काढायचा आणि रोज पटावर पडायचा.

डावाच्या सरावाबद्दल 1979 साली जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो. लाकडी अडथळे हाताने ठरावीक क्रमाने पाडायचे, असे तीन क्रम शिकायचे होते. एका गटाने आधी पहिला क्रम पुरता घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम मिसळून, कधी हा तर कधी तो, असे दिले. सरावाच्या वेळी पहिला गट सरस होता; मिसळवाले चाचपडत होते. नंतर, दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी परीक्षा घेतली तर मिसळवाले पुढे. कारण त्यांना दर वेळी 'आता कोणता?' हे नव्याने आठवावं लागलं होतं. पहिल्या गटाने एकदा आठवलं आणि मग नुसते हात चालवले.

इथे तालीम आणि प्रयोगशाळा यांचं पटत नाही, असं मी म्हणालो होतो. कारण 'आज फक्त पट, दोनशे वेळा' हे पुष्कळ ठिकाणी अजून चालतं आणि संध्याकाळी पोरगं खूश होऊन घरी जातं. माझं मत विचाराल तर पहिल्या महिन्यात ते ठीक. त्यानंतर पट, बगलडूब आणि ढाक मिसळून साठ वेळा केलेलं, दोनशे पटांपेक्षा जास्त कामाचं. त्या दिवशी वाईट दिसेल. दिसू द्या.

आणि थकल्यावर डाव घोटू नका. दम वाढवायला थकवा हवा, पण थकलेला माणूस गुडघ्यात बसत नाही, कमरेत वाकतो. मग शेवटचे पन्नास पट कमरेतूनच निघतात आणि अंग तेही लिहून ठेवतं. आमच्या वस्तादांनी कुठला शोधनिबंध वाचला नव्हता, पण नवा डाव ते नेहमी लढतीच्या आधी दाखवायचे, पोरं ताजी असताना. दुपारची झोप तर सक्तीची. आम्हाला वाटायचं खुराक जिरवायला. झोपेत मेंदू दिवसभराचा सराव पक्का करतो आणि झोपून उठल्यावर काही हालचाली आदल्यापेक्षा सफाईने होतात, हे आता प्रयोगांतून दिसलं आहे. खुराकही जिरत असेलच.

आता दुसरा भाग, लढाऊ वृत्तीचा. याबद्दल इतकं भडक लिहिलं जातं की सांगायला संकोच वाटतो. दात-ओठ खाणं, डोळे वटारणं, मांडीवर शड्डू ठोकून समोरच्याला फाडून खाईन असा आविर्भाव. शड्डू ठोकावा, त्याने अंग जागं होतं आणि पब्लिकलाही मजा येते. पण रागाने आंधळा झालेला माणूस वस्तादांच्या दृष्टीने आयतं गिऱ्हाईक असतो. तो जोरात ढकलतो, आणि ज्याला पट किंवा ढाक येते त्याला ढकललं जाणंच हवं असतं.

गामाची खरी कसोटी मला बैठकांत दिसत नाही. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये त्याची गाठ पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी पडली. झिबिस्को वजनाने खूप जड. लवकरच खाली गेला आणि मग जमिनीला असा चिकटून राहिला की उठायचं नावच नाही. कुस्ती जवळजवळ तीन तास चालली आणि बरोबरीत सुटली. तीन तास एक माणूस पोटावर पडून आहे आणि दुसरा वरून प्रयत्न करतोय, हे बघणाऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे. पण गामाने त्या तीन तासांत चिडून अशी एकही चूक केली नाही की झिबिस्कोला उलटता यावं. 1928 साली पटियाळ्याला दोघं पुन्हा भिडले. या वेळी मिनिटभरही लागलं नाही, झिबिस्कोची पाठ लागली. दोन्ही कुस्त्यांतला माणूस एकच. वाट बघायची तर तीन तास, संधी दिसली तर लगेच.

अलीकडचं उदाहरण हवं तर 6 ऑगस्ट 2024, पॅरिस. विनेश फोगाटसमोर जपानची युई सुसाकी, टोकियोची सुवर्णविजेती, परदेशी खेळाडूकडून तोवर एकदाही न हरलेली. विनेशने जवळजवळ पूर्ण वेळ अंतर राखलं, हात अडवले, निष्क्रिय खेळल्याचे दोन गुण गेले ते जाऊ दिले. घरी बघणारे टीव्हीवर ओरडत होते, 'अगं, काहीतरी कर!' शेवटच्या काही सेकंदांत तिने सुसाकीला खाली नेलं आणि 3-2 अशी कुस्ती मारली. दोन गुणांनी मागे असताना घड्याळ संपत येतंय आणि तरीही घाई करायची नाही, याला मी लढाऊ वृत्ती म्हणेन. पुढच्या दिवशी 100 ग्रॅम जास्त वजनावरून ती अपात्र ठरली ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते पुन्हा उगाळत नाही.

ही वृत्ती येते कुठून? प्रवचनाने येत नाही. तीसुद्धा सरावानेच येते, आणि मला या सगळ्या विषयात सांगायचं आहे ते एवढंच. दडपण आलं की माणूस काय करतो, ते 1992 साली रिच मास्टर्स यांनी गोल्फच्या साध्या फटक्यावर तपासलं. ज्यांनी तो फटका भरपूर सूचना घेऊन शिकला होता, ते ताण आल्यावर बिघडले; ज्यांना शिकताना सूचनांचा विचारच करू दिला नव्हता, ते फारसे बिघडले नाहीत. ताणात आपण मुरलेल्या गोष्टीचे पुन्हा तुकडे करायला लागतो. डोकं कुठे, हात कुठे, पाय कुठे. तिसऱ्या पायरीवरचा माणूस स्वतःहून पहिलीवर उडी मारतो. माझं जत्रेत झालं ते याहून साधं होतं, मी पहिलीवरच होतो. पण नावाजलेले मल्लही मोठ्या मैदानात गोठतात, ते बहुधा असंच.

तालमीचे बरेच रिवाज या ताणाची सवय लावतात. पहाटे थंडीत लंगोटावर हौद्यात उतरणं. आपल्याहून मोठ्याच्या अंगाखाली पाच मिनिटं दबून राहणं, नाकात माती, छातीवर ऐंशी किलो. पहिल्यांदा जीव घाबरा होतो, हातपाय झाडले जातात. वस्ताद काठावरून म्हणतात, "श्वास घे, श्वास घे, मरत न्हाईस." पन्नासाव्या वेळी खरंच कळतं की मरत नाही. घाबरणं गेलं की त्याच अंगाखालून त्याचं वजन कुठे सैल आहे ते शोधता येतं. मातीला हात लावून कपाळी लावणं, मारुतीला नमस्कार, समोरच्याच्या अंगावर माती टाकणं, सलामी. श्रद्धेचा भाग आहेच, शिवाय घामट अंगावर माती पडली की पकड बसते. आणि रोज, अगदी साध्या सरावालाही हाच क्रम असेल, तर कोल्हापूरच्या तीस हजारांच्या खासबाग मैदानातही हात त्याच क्रमाने चालतात आणि छातीतली धडधड ओळखीची होते.

आणखी एक गोष्ट तालमीत न बोलता शिकवली जाते: शिकायची कुस्ती आणि जिंकायची कुस्ती वेगळी. सरावात रोज जिंकणारा पोरगा रोज तोच डाव मारत असतो. कच्च्या जोडीदारावर नवा डाव करून बघायचा, फसला तर पडायचं, हसून उठायचं. ज्याला सरावात पडणं अपमानाचं वाटतं त्याचा खेळ विशीतच थांबतो. याउलट ज्याची रोज पाठ लागते आणि तरी जो दुसऱ्या दिवशी वेळेवर येतो, त्याच्याकडे वस्ताद बघत असतात. बोलत नाहीत, पण एक दिवस त्याच्या थंडाईत बदाम जास्त पडतात.

हल्ली पुण्या-मुंबईत, बंगळुरूत, अगदी परदेशातही पस्तिशी-चाळिशीतले मराठी लोक ज्युजित्सू किंवा ग्रॅपलिंगच्या वर्गाला जायला लागले आहेत. मला अधूनमधून विचारतात. त्यांना मी थोडकंच सांगतो. वर्गात रोज नवा डाव दाखवतात, सगळे घेऊ नका. एक धरा आणि तो वेगवेगळ्या अंगकाठीच्या माणसांवर करा. गळ्यात विळखा आला की वेळेवर हार मानल्याची थाप मारा, तिथे मर्दुमकी नको. मान आणि गुडघा यांच्याशी भांडू नका. नखं कापा, आंघोळ करा, नायटा झाला असेल तर बरा होईपर्यंत घरी बसा. हे शेवटचं ऐकून लोक नाराज होतात, त्यांना गामा ऐकायचा असतो.

गेल्या दिवाळीत घरी सगळे जमले होते. माझा पुतण्या, वय एकोणीस, व्यायामशाळेत जाऊन चांगला भरलाय. अंगणात गप्पा मारताना चेष्टेने त्याने मागून येऊन माझ्या मानेवर हात टाकला आणि खाली दाबलं. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. माझं डोकं त्याच्या बरगडीला होतं, त्याचा एक पाय माझ्या हातात होता आणि तो तुळशीवृंदावनाच्या बाजूला बसकण मारून माझ्याकडे बघत होता. कमरेत उसण भरली ती निराळी. बायको आतून काय काय म्हणाली.

पोरगं उठलं, कपडे झटकले आणि म्हणालं, "काका, परत करा ना, पण हळू. कसं केलंत ते बघू दे."

मी त्याची मान धरली, ओढली, आणि थांबलो. आधी डोकं की आधी पाय? हात वरून की खालून? दोन-तीनदा करून बघितलं, काही जमेना. शेवटी म्हणालो, "असं."

"असं म्हणजे कसं?"

"अरे, असं."